शौचाची मर्यादा आणि मंत्रचळ

श्रीमद्भगवद्गीतेत शौचाचा उल्लेख अनेक ठिकाणी आला आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना, सोळाव्यात दैवी संपत्तीची गणना करताना, सतराव्यात शारीर तपाचे वर्णन करताना आणि अठराव्यात स्वभावप्राप्त कर्मांच्या विवेचनात हा शब्द येतो. परंतु एक गोष्ट सहसा वाचकाच्या लक्षात येत नाही. गीतेत शौच एकटे असे येत नाही. त्याच्या शेजारी कोठे आर्जव आहे, कोठे क्षमा आणि धृती आहे, कोठे अहिंसा आहे. बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या प्रिय भक्ताला ‘शुचि’ म्हणतात. आणि त्याच श्लोकात त्याला ‘दक्ष’, म्हणजे हातचे काम नीट पार पाडणारा, आणि ‘गतव्यथ’, म्हणजे ज्याची व्यथा निमाली आहे असा, असेही म्हणतात. शुचित्वाचा हा सहवास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मग ज्या घरात शुद्धी वाढत जाते आणि तिच्याबरोबर व्यथाही वाढत जाते, कामे उरकेनाशी होतात, मुले भेदरून वावरू लागतात, त्या घरातील शुद्धीला गीतेतील शौच म्हणावे काय?

दृष्टांतादाखल असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. गृहिणी पहाटे साडेतीनला उठते. देवपूजा सात वाजता व्हावयाची असते. न्हाणीघरातून बाहेर येताना दाराच्या कडीला हात लागला की तिचे पुन्हा स्नान. नळ बंद करावयाचा, तर तो मघाशी न धुतलेल्या हाताने सोडलेला. म्हणून आधी नळ धुवावयाचा. नळ धुताना शिंतोडे पायांवर उडाले, म्हणून पाय धुवावयाचे. पाय धुताना लुगड्याचा काठ भिजला, म्हणून वस्त्र बदलावयाचे. साबणाची वडी दोन दिवसांत संपते. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या आहेत, त्यांतून रक्त येते, आणि रक्त आले म्हणजे पुन्हा ओवळे. नऊ वाजले तरी देव पारोसेच राहतात. हे सारे निरर्थक आहे हे त्या माउलीला कळत नाही असे मात्र नव्हे. ती स्वतःच डोळ्यांत पाणी आणून म्हणते, “मला सगळे कळते हो, पण हात थांबत नाहीत.”

ह्या अवस्थेला मराठीत जुना शब्द आहे. मंत्रचळ हा तो शब्द. मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाली की बुद्धीला चळ लागतो अशी पूर्वीच्या लोकांची समजूत होती. तीवरून हा शब्द रूढ झाला आणि पुढे सारखे हात धुणाऱ्यालाही तो लागू लागला. बंगालात ह्याच प्रकाराला शुचिबाई म्हणतात. तेथील ‘बाई’ मराठी वाचकाने स्त्रीवाचक समजू नये. तो ‘वायु’ शब्दाचा अपभ्रंश आहे, म्हणजे शुद्धीचा वायू झालेला असा अर्थ. आधुनिक वैद्यकात ह्या रोगाला ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, संक्षेपाने ओसीडी, असे नाव आहे. शंभर माणसांत साधारणपणे एक ते तीन जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो जडतो. बहुधा किशोरवयात किंवा विशीत त्याचा आरंभ होतो. स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर तो प्रथम प्रकट झाल्याची किंवा बळावल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. काही कुळांत तो अधिक दिसतो, म्हणजे आनुवंशिकतेचाही त्यात भाग आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला खोलवरच्या केंद्रांशी जोडणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्यांच्या व्यापारातील बिघाडाशी ह्या रोगाचा संबंध असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. अर्थात् हा कोणा देवतेचा कोप नव्हे, पूर्वजांचा शाप नव्हे, आणि स्वभावाचा हट्टही नव्हे.

सगळ्यांचाच रोग हात धुण्याच्या रूपाने दिसतो असे नाही. कोणी रात्री दाराची कडी वीस वेळा ओढून पाहतो. कोणी संध्या करीत असता गायत्रीची संख्या चुकली असे वाटून माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरतो, आणि दहाची संध्या बारापर्यंत संपत नाही. कोणाच्या मनात देवापुढे हात जोडताच देवाविषयी अत्यंत अभद्र शब्द उमटतात. नुकतीच प्रसूत झालेली एखादी स्त्री हातात विळी घेण्यास भिते, कारण तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल असे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ह्यांतील शेवटचे दोन प्रकार फार गुप्त राहतात. हात धुणारा निदान दिसतो तरी. ज्याच्या मनात देवाला शिवी उमटते तो हे कोणाला सांगणार? तो मंदिरात जाणेच बंद करतो, आणि घरचे लोक त्याला नास्तिक ठरवितात.

अशा माणसाला एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अभद्र, अमंगळ, भलतेसलते विचार सर्वांच्याच मनात येतात. १९७८ साली लंडनमधील एस. राखमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल द सिल्व्हा ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना त्यांच्या मनात येणाऱ्या नको त्या विचारांविषयी विचारले. बहुसंख्यांनी असे विचार येत असल्याचे सांगितले, आणि ते विचार रोग्यांच्या विचारांहून आशयाने फारसे निराळे नव्हते. भेद पुढेच आहे. निरोगी माणसाच्या मनात असा विचार येतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूसारखा निघून जातो. रोगी त्याला दारात अडवून त्याची चौकशी करू लागतो: हा माझ्याच मनात का आला? मी पापी तर नव्हे? ह्याचे निवारण कसे करू? पुष्कळ सात्त्विक माणसे येथे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील मिथ्याचाराचे वचन स्वतःवर ओढून घेतात. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणारा तो मिथ्याचार, असा तेथील आशय आहे. परंतु तेथे विषयाची ओढ आहे, चाखून चाखून केलेले चिंतन आहे. येथे तर विचार येताच अंगावर काटा उभा राहतो. ज्या मातेला तो विचार असह्य होतो, तिचे मातृत्वच त्या असह्यतेतून बोलत असते. दोहोंना एका मापाने मोजणे हा शास्त्राचा अनर्थ होय.

आता रोगाचे चक्र कसे फिरते ते पाहावे. शंका येते; शंकेतून भय उपजते; भय शमविण्यासाठी कृती होते, मग ते स्नान असो, जप असो, कडी ओढणे असो की “लागले नाही ना?” असे विचारणे असो. कृती होताच क्षणभर बरे वाटते. हे क्षणभराचे बरे वाटणे हेच रोगाचे अन्न आहे. मनाची अशी खूणगाठ पक्की होते की, स्नान केले म्हणून अनर्थ टळला. न करते तर टळला नसता. पुढच्या वेळी शंका अधिक लवकर येते, भय अधिक तीव्र होते आणि एका स्नानाच्या जागी दोन लागतात. ह्याला कोठेच शेवट नाही, कारण मुळात मळ दूर करावयाचा नव्हताच. शंका दूर करावयाची होती. आणि शंका पाण्याने धुतली जात नाही.

ज्या धर्मशास्त्राच्या नावाने हे चक्र फिरते, ते शास्त्र स्वतः काय म्हणते? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे सविस्तर प्रकरण आहे. तेथे अशुद्ध वस्तूचा लेप आणि गंध जाईपर्यंत माती व पाणी वापरावे असे सांगितले आहे; म्हणजे लेप गेला, गंध गेला, की थांबावे. मलोत्सर्गानंतर कोणत्या अवयवाला किती वेळा माती लावावी ह्याच्या संख्या दिल्या आहेत. संख्या देण्याचा अर्थ असा की, त्या संख्येला काम संपले. आणखी एक वचन तर ह्या प्रसंगी सोन्याच्या मोलाचे आहे. जिचा विटाळ डोळ्यांनी पाहिलेला नाही ती वस्तू, जी पाण्याने धुतली आहे ती वस्तू, आणि जी शुद्ध आहे असे वाणीने सांगितले आहे ती वस्तू, ह्या तिन्ही पवित्र मानाव्या, असा त्याचा आशय आहे. न पाहिलेला विटाळ हा विटाळच नव्हे. ‘लागले असेल काय’ ह्या प्रश्नाला स्मृतिकारांनी दारच ठेवलेले नाही. कारागिराचा हात आणि बाजारात मांडलेला माल हे नित्य शुद्ध मानावे, असेही तेथेच म्हटले आहे. कारण तसे न मानल्यास गृहस्थाश्रम एक दिवसही चालणार नाही, हे त्या व्यवहारज्ञ ऋषींना ठाऊक होते. (शिवाशिवीच्या नावाखाली माणसाने माणसाला दूर लोटले तो निराळा आणि फार मोठा अपराध, त्याचे समर्थन ह्या विवेचनात कोणी शोधू नये.)

पूजेचेही तसेच. प्रत्येक पूजेच्या अखेरीस गृहस्थ काय प्रार्थितो? मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे उणे राहिले असेल ते परिपूर्ण व्हावे, अशी क्षमायाचना करतो. ही प्रार्थना चूक करणाऱ्यांसाठी निराळी ठेवलेली नाही. ती सर्वांच्या, नित्याच्या पूजेचा भाग आहे. म्हणजे पूजा उणी राहणारच, हे पूजेतच गृहीत धरले आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत ह्या योगमार्गात प्रत्यवायाचे, म्हणजे कर्म अर्धवट राहिल्याने उलटणाऱ्या दोषाचे, भय काढून टाकतात. अठराव्या अध्यायात तर ते आणखी पुढे जातात. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो, तसा प्रत्येक आरंभ कोणत्या तरी दोषाने वेढलेलाच असतो. म्हणून सदोष दिसले तरी आपले सहज कर्म टाकू नये, असा त्यांचा अभिप्राय आहे. मंत्रचळाचा रोगी निर्धूम अग्नीच्या शोधात असतो. असा अग्नी त्याला सापडत नाही, आणि शोधता शोधता स्वयंपाक राहून जातो.

इतके सांगून झाल्यावर एक सावधगिरीही सांगणे प्राप्त आहे. वरील वचने रोग्याला एकदा समजावून सांगावीत. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारील, “खरेच ना, न पाहिलेला विटाळ लागत नाही?” तिसऱ्या दिवशी तो शास्त्रीबुवांच्या घरी जाईल, चौथ्या दिवशी दुसऱ्या गावच्या शास्त्र्यांना पत्र लिहील. एकदा विचारलेला प्रश्न ही जिज्ञासा असते. दहाव्यांदा विचारलेला तोच प्रश्न हे हात धुणेच असते, फक्त पाण्याच्या जागी शब्द असतात. शास्त्रार्थाचेही असे साबण होऊ शकते. आणि जो उपाध्याय अशा यजमानाला दर खेपेस नवे प्रायश्चित्त, नवा जप, नवी शांत सांगतो, तो नकळत आगीत तूप ओततो. दक्षिणेच्या लोभाने सांगत असेल तर त्याबद्दल काय लिहावे!

हा अनुभव एकट्या हिंदू घरांचा नाही. १५२२ साली स्पेनमधील मानरेसा येथे इग्नेशियस लोयोला हे ख्रिस्ती साधक आपली पापे सांगून पुरी झाली नाहीत ह्या शंकेने इतके पीडले गेले होते की, जीव द्यावा असे त्यांना वाटू लागले होते. मुसलमानांमध्ये नमाजापूर्वीच्या हातपाय धुण्यात अडकून पडणाऱ्याच्या शंकेला ‘वसवसा’ म्हणतात, आणि तिच्याकडे लक्ष देऊ नये असे त्यांचे धर्मज्ञ सांगत आले आहेत. रोग एकच, वस्त्र मात्र तो ज्या घरी जातो त्या घरचे नेसतो. १९८० नंतर एड्सचे भय पसरले तेव्हा ह्या रोग्यांच्या मनात त्या रोगाची शंका शिरली. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा सारे जगच हात धुवा असे सांगू लागले, आणि ज्यांचे हात आधीच थांबत नव्हते त्यांना आपल्या शंकेवर राजमुद्रा उमटल्यासारखे वाटले.

ह्या वस्त्राचा धागा समाज विणतो. बंगालातील शुचिबाई हे त्याचे बोलके उदाहरण आहे. लोकव्यवहारात हा शब्द विशेषेकरून वयस्क स्त्रिया आणि विधवा ह्यांच्याशी जोडला गेला. १९७५ साली अजिता चक्रवर्ती आणि गौतम बॅनर्जी ह्यांनी भारतीय मनोविकारवैद्यांच्या नियतकालिकात बंगाली संस्कृतीतील कर्मकांड आणि हा विकार ह्यांच्या संबंधावर लेख लिहून रूढी कोठे संपते आणि रोग कोठे सुरू होतो हा प्रश्न अभ्यासकांपुढे ठेवला. उच्चवर्णीय बंगाली विधवेचे पूर्वीचे जीवन आठवावे. मासळी वर्ज्य, रंगीत वस्त्र वर्ज्य, एकवेळ जेवण, एकादशीला पाणीही नाही, चूल निराळी, मंगल कार्यात सावलीही नको. जिच्याजवळून सर्व काही काढून घेतले, तिच्याजवळ एक सोवळे तेवढे ठेवले. घरात तिचा शब्द चालेल असा तो एकच प्रांत उरला. मग त्या प्रांताच्या सीमा ती रोज राखीत बसली, तर दोष केवळ तिच्या मेंदूचा म्हणावा काय? महाराष्ट्रातील आलवणातल्या स्त्रियांची गोष्ट ह्याहून फार निराळी नव्हती. विधवांपैकी प्रत्येकीला हा रोग होता असे मुळीच नाही. आणि समाजाच्या छळानेच तो जडतो असेही नाही. परंतु ज्या मनात त्याचे बीज होते, त्याला माती आणि पाणी समाजाने दिले, एवढे खरे.

आजच्या घराकडे वळू. मघाच्या गृहिणीचेच घर पुन्हा पाहावे. लग्न होऊन ती आली तेव्हा सासूबाई शेजारणींना अभिमानाने सांगत, “आमच्या सूनबाईचे सोवळे फार कडक.” ही पहिली अवस्था, स्तुतीची. शंका तेव्हा लहान होती. स्तुतीने ती मोठी झाली. दुसरी अवस्था सेवेची. पती कचेरीतून येताच दारातच कपडे बदलू लागला. मुलगा शाळेतून आला की कोपरापर्यंत हात धुऊन, काही न शिवता, उंबऱ्यावर उभा राही आणि आई विचारी त्या प्रश्नांची उत्तरे देई. तिच्यासाठी पाणी कोणी तरी ओतावयाचे, नळ कोणी तरी बंद करावयाचा. घरात भांडण नको, तिला त्रास नको, ह्या सद्हेतूनेच हे सारे झाले. परंतु त्यामुळे रोगाला एका माणसाच्या जागी चार माणसांचे बळ मिळाले. १९९५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रोग्यांच्या नातलगांचा अभ्यास केला तेव्हा, बहुतेक नातलग कोणत्या ना कोणत्या प्रकारे रोग्याच्या कर्मकांडात सामील झालेले आढळले. पुढे अनेक देशांत हेच दिसून आले. सामील होणे जितके अधिक, तितका रोग तीव्र, असेही दिसले.

तिसरी अवस्था टोमण्यांची. सेवा करून थकलेले घर एके दिवशी उलटते. पाण्याचे बिल, साबणाचा खर्च, मुलाचे बुडालेले शिक्षण, सगळ्याचा जाब तिला विचारला जातो. “हे नाटक आहे”, “माहेरून हेच शिकून आलीस”, “पाहुणे यायचे बंद झाले तुझ्यापायी.” कोणी तरी गीतेचे नाव घेऊन चौथ्या अध्यायातील संशयात्म्याच्या नाशाचे वचनही तिच्या तोंडावर फेकते. ज्यांना हे वचन शस्त्र म्हणून वापरावयाचे आहे त्यांनी तो श्लोक मुळात वाचावा. तेथे अज्ञ आणि श्रद्धाहीन ह्यांच्या पंक्तीला संशयात्मा बसविला आहे. ह्या गृहिणीची श्रद्धा कमी नाही. तिच्या श्रद्धेलाच रोगाने ओलीस धरले आहे. शंका तिने पाळलेली नाही, ती तिच्यावर लादली गेली आहे. टीका आणि तिरस्कार ह्यांनी भय वाढते, आणि भय वाढले की हात पुन्हा नळाकडे जातो. म्हणजे स्तुती, सेवा आणि टोमणा ह्या तिन्ही वाटा एकाच न्हाणीघराशी जाऊन पोहोचतात.

आणि गुप्तता! मुलीला हा विकार आहे हे कळले तर स्थळ मोडेल म्हणून आईबाप लपवितात. लग्नाने सुधारेल म्हणून घाईने लग्न करून देतात. नवे घर, नवी माणसे, नवी शिवाशिव ह्यांत रोग बळावतो, मग फसवणुकीचा आरोप होतो. ह्या लपवाछपवीत उपचाराविना वर्षे निघून जातात. ज्वर आला तर वैद्य बोलावण्यास कोणी लाजत नाही. मनाला ज्वर आला तर मात्र कुळाची अब्रू आडवी येते.

उपचार आहे, आणि तो प्रभावी आहे. १९६६ साली लंडनमधील व्हिक्टर मेयर ह्या मानसशास्त्रज्ञांनी दोन स्त्रियांवर केलेल्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एकीला मळाचे भय होते, दुसरीला देवाविषयीच्या अभद्र विचारांचे. त्यांनी त्या दोघींना भय वाटणाऱ्या गोष्टींसमोर आणले आणि भय शमविणारी नेहमीची कृती त्यांच्याकडून होणार नाही अशी व्यवस्था केली. अपेक्षित अनर्थ घडला नाही. भय चढले, काही वेळ टिकले आणि आपोआप उतरू लागले. ह्या पद्धतीचा पुढे पुष्कळ विकास झाला आणि आज ती ह्या रोगावरील मुख्य मानसोपचार म्हणून जगभर मान्य आहे. सोप्या पायरीपासून, रोग्याच्या संमतीने, जाणत्याच्या देखरेखीखाली ती करावयाची असते. कोणाला धरून बांधून चिखलात बसविणे म्हणजे हा उपचार नव्हे. तिच्या जोडीला फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुव्होक्सामीन अशी औषधे आहेत. ती दोन दिवसांत गुण देत नाहीत. त्यांचा परिणाम पाहण्यास दहा-बारा आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ती सोडू नयेत. सर्वांचाच रोग समूळ जातो असे नाही, पण बहुसंख्यांचे जीवन पुन्हा चालू लागते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत ह्या रोगासाठी स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञाची चौकशी करता येते. आणि २०२२ सालापासून केंद्र सरकारने चालविलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर निरनिराळ्या भारतीय भाषांत विनामूल्य मिळते.

गीतेच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की, मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे. भगवंत त्याला रागावत नाहीत; उत्तराच्या पहिल्याच शब्दात ते त्याचे म्हणणे निःसंशय मान्य करतात. मनाला ते ‘चल’ म्हणतात, आणि मराठीतील चळ शब्द त्याच कुळातला आहे. मग ते अभ्यास सांगतात. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा, थोडे थोडे, धीराने. चौदाव्या अध्यायात गुणातीताचे जे लक्षण आले आहे ते तर येथे विशेष मननीय आहे. प्रकाश, प्रवृत्ती, मोह ह्यांपैकी जे उद्भवेल त्याचा तो द्वेष करीत नाही, आणि जे मावळेल त्याची आस धरीत नाही. उदासीनासारखा बसून राहतो. गुणातीताची ती अवस्था फार थोर आहे, आणि रोग्याचा उपचार म्हणजे ती सिद्धी असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु शंका आली तर येऊ द्यावी, तिच्याशी भांडू नये, तिची आज्ञा पाळू नये, ती जावी म्हणून धडपडूही नये, हा बसण्याचा धडा तोच आहे. आणि स्वतःच्या देहाला मूढ आग्रहाने पीडा देणाऱ्या तपाला सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे, हे चिरा पडलेल्या हातांकडे पाहून आठवावे.

मघाच्या घराने अखेर वैद्यांचा सल्ला घेतला. औषध सुरू झाले, आणि दर आठवड्याच्या भेटीत एकेक पायरी ठरू लागली. घरच्यांनाही तेथे बोलावून त्यांचे काम सांगण्यात आले: टोमणा मारावयाचा नाही, आणि शंकेचे उत्तरही द्यावयाचे नाही. हे दुसरे पहिल्याहून अवघड गेले. पहिल्याच दिवशी तिने मुद्दाम न्हाणीघराच्या कडीला हात लावला आणि पुन्हा स्नान न करता देव्हाऱ्यापुढे येऊन बसली. तिचे ओठ कोरडे पडले होते. मुलगा शेजारी बसला. थोड्या वेळाने तिने विचारलेच, “कडी स्वच्छच होती ना रे?”

मुलगा म्हणाला, “आई, ह्याचे उत्तर मी द्यायचे नाही असे आपण ठरवले आहे. मी येथेच बसतो.”

तिला त्याचा राग आला. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. सासूबाई माळ हातात धरून भिंतीशी बसल्या होत्या. त्यांच्याही ओठांवर काही तरी आले होते, ते त्यांनी गिळले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग तिने सहाण पुढे ओढली आणि गंध उगाळण्यास घेतले. त्या दिवशी देवपूजा आठच्या आत आटोपली. कडीची शंका मात्र सायंकाळपर्यंत मधून मधून येत राहिली.